पत्त्यांतून मेंदूची परीक्षा

योजना आखणे, मोह आवरणे, परिस्थिती पालटताच विचारांची दिशा बदलणे या क्षमतांना मानसशास्त्रात ‘कार्यकारी कार्ये’ म्हणतात. मेंदूच्या कपाळामागील ललाटखंडाला इजा झाल्यास बुद्ध्यंक शाबूत राहूनही त्या ढासळू शकतात.

विचारांची लवचिकता मोजणारी ‘विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट’ ग्रँट आणि बर्ग यांनी १९४८ मध्ये मांडली. प्रचलित चाचणीत जास्तीत जास्त १२८ पत्ते रंग, आकार वा संख्येनुसार जुळवायचे असतात. नियम सांगितला जात नाही. प्रत्येक वेळी केवळ ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच कळते. सलग १० उत्तरे बरोबर आली, की पूर्वसूचनेविना नियम बदलतो. ललाटखंडावर शस्त्रक्रिया झालेले अनेक रुग्ण ‘चूक’ ऐकूनही जुन्याच नियमाला चिकटून राहतात, हे ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये दाखवले.

तथापि, एकाच चाचणीवरून निदान होत नाही. वय व शिक्षणाचाही गुणांवर परिणाम होतो. म्हणून तुलना समकक्षांच्या प्रमाणकांशीच हवी. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २००४ मध्ये भारतीय प्रमाणकांसह चाचणीसंच प्रसिद्ध केला, त्याचे मोल येथेच आहे. अन्यथा अल्पशिक्षित निरोगी माणूस रुग्ण ठरण्याचा आणि उच्चशिक्षिताचा आजार नजरेआड होण्याचा धोका संभवतो.