वृषणाचा रक्तपुरवठा
वृषण मुष्कात असले, तरी त्याची रोहिणी निघते ती उदरातील महारोहिणीपासून, वृक्क-रोहिणीच्या किंचित खाली. हा लांबचा वळसा गर्भविकासानेच उलगडतो: वृषण वृक्काजवळ तयार होते आणि खाली उतरताना आपल्या वाहिन्या सोबत आणते. रक्त थंड व्हावे म्हणूनच ही लांबी, असा आक्षेप घेता येईल. पण उष्णतेची देवघेव होते ती रेतोरज्जूतील नीलाजालात, उदरातल्या टप्प्यात नव्हे. परतीची वाटही उगमाकडेच बोट दाखवते. उजवी नीला अधोमहानीलेला मिळते, डावी मात्र जवळपास काटकोनात डाव्या वृक्क-नीलेला; नीला फुगण्याचा विकार डावीकडे अधिक आढळतो, त्याचे हे एक कारण मानतात. रेतवाहिनीची व क्रीमॅस्टर स्नायूची रोहिणी मुख्य रोहिणीला जोडलेल्या असतात खऱ्या, पण तिन्ही एकाच रज्जूतून जातात. त्याला पीळ पडला की शस्त्रक्रिया शक्यतो 6 तासांच्या आत व्हावी लागते.