बोटीचं इंजिन भर समुद्रात मधेच का बंद पडतं?

आउटबोर्ड इंजिन थोडा वेळ चालून बंद पडतं, पुन्हा सुरू होतं, परत बंद. अशा वेळी आधी इंधनाचा मार्ग तपासा.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल, तर आत पोकळी तयार होऊन पेट्रोल ओढलं जात नाही. झाकण सैल केल्यावर इंजिन सुधारलं, तर दोष तिथेच.

नळीवरचा रबरी फुगा चपटा होतोय? टाकीकडच्या बाजूला अडथळा आहे. फुगा दाबल्यावरच इंजिन चालतंय? फ्युएल पंप किंवा नळीत शिरणारी हवा तपासा.

इंजिन बंद ठेवून, आगीपासून लांब, फिल्टरमधलं पेट्रोल चालेल अशा पारदर्शक भांड्यात काढा. तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पाणी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषतं, त्यामुळे पावसाळाभर पडून असलेलं पेट्रोल वापरू नका.

हे सगळं धक्क्यावरच तपासा. बंद पडलेली बोट प्रवाह नेईल तिकडे जाते.