विरोधाभासांतील आभास

‘साक्षीदाराच्या जबानींत विरोधाभास आढळल्यामुळें ती विश्वसनीय मानतां येत नाहीं,’ अशा धर्तीचीं वाक्यें आपल्या वाचनांत नित्य येतात. लिहिणाराचा आशय उघड आहे : साक्षीदार एकदां एक बोलला व नंतर त्याच्या उलट बोलला. परंतु शब्दार्थ पाहूं गेल्यास हें वाक्य साक्षीदाराच्याच बाजूचें ठरतें. विरोधाभास म्हणजे विरोधाचा केवळ भास. वस्तुतः विरोध नाहींच. ज्याच्यावर ठपका ठेवावयाचा त्याला आपण नकळत दोषमुक्त करतों! या शब्दाचें कुळ पाहिलें म्हणजे हा घोटाळा स्पष्ट होतो.

हा शब्द मूळचा अलंकारशास्त्राचा. भामह व दंडी या प्राचीन आलंकारिकांनीं या अलंकारास नुसतें ‘विरोध’ असें नांव दिलें होतें. ११ व्या शतकांत काश्मीरच्या मम्मटानें काव्यप्रकाशाच्या दहाव्या उल्लासांत त्याचें लक्षण नेमकें केलें : वस्तुतः विरोध नसतांहि तो असल्यासारखें बोलणें, तो विरोध. जाति, गुण, क्रिया व द्रव्य यांच्या परस्परविरोधावरून त्यानें या अलंकाराचे १० प्रकार सांगितले. लक्षणांत आभास असूनहि नांव मात्र जुनेंच राहिलें. पुढें चंद्रालोककार जयदेवानें श्लेषादिकांतून उद्भवणाऱ्या विरोधास ‘विरोधाभास’ म्हटलें, आणि १६ व्या शतकांत अप्पय्य दीक्षितांनीं कुवलयानंदांत, विरोध आभासरूप असला म्हणजे विरोधाभास, असें व्यापक लक्षण केलें.

जयदेवाच्या उदाहरणाचें मर्म एका शब्दांत आहे. ‘अंधकारी’ जगाला प्रकाशित करतो असें ऐकतांच आपण थबकतों. अंधार करणारा प्रकाश कसा देईल? परंतु अंधक नामक असुराचा अरि, म्हणजे शंकर, असा पदच्छेद केला कीं विरोध मावळतो. अलंकाराची गोडी या थबकण्यांत व उलगड्यांत आहे. उलगडा झालाच नाहीं तर तो अलंकार न होतां दोष होईल. ईशावास्योपनिषदांत ब्रह्म दूरहि आहे व जवळहि आहे असें वर्णन येतें. तेथें उलगडा कोशानें होत नाहीं, विचारानें होतो, पण होतो.

इंग्रजी विद्येबरोबर ‘पॅरॅडॉक्स’ आला व त्याच्यासाठीं आपण हाच शब्द पुढें केला. ग्रीक मुळाप्रमाणें पॅरॅडॉक्स म्हणजे लोकमताच्या विरुद्ध असणारें. सिसेरोनें इ. स. पू. ४६ मध्यें स्टोइकांचीं अशीं सहा मतें विवेचिलीं. शहाणा तेवढाच स्वतंत्र, मूर्ख सारे गुलाम, हें त्यांतील एक. येथें वाक्याचा विरोध लोकसमजुतीशीं आहे, स्वतःशीं नाहीं. उलट, बर्ट्रंड रसेलनें १९०१ मध्यें संचसिद्धांतांत जो पॅरॅडॉक्स दाखविला, त्यांतील विरोध खराच होता. स्वतःचे घटक नसलेल्या सर्व संचांचा संच स्वतःचा घटक आहे काय? ‘होय’ म्हणावें तर ‘नाहीं’ निघतें, ‘नाहीं’ म्हणावें तर ‘होय’. फ्रेगेसारख्या तर्कपंडिताला १९०२ मध्यें रसेलच्या पत्रानें हें कळलें, तेव्हां त्याच्या ग्रंथाचा पायाच हादरला. त्याला आभास म्हणणें धाडसाचें होईल.

एकाच शब्दावर इतकीं ओझीं लादण्याचें कारण शब्ददारिद्र्य नव्हे. ‘माझी आई वांझ होती’ यासारख्या बोलण्यास आपल्या शास्त्रकारांनीं ‘वदतोव्याघात’ असें समर्पक नांव दिलेलें आहे. जबान्या जुळत नसतील तर ‘विसंगति’ आहे, मतें टक्कर घेत असतील तर ‘विरोध’ आहे.

भाषा बदलते, रूढि बलवत्तर असते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु येथें जो भेद पुसला जात आहे तो न्यायाचा आहे. एखाद्याच्या दोन विधानांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें तपासण्याची जबाबदारी ‘आभास’ हा शब्द वाचकावर टाकतो. मेळ बसला तर वक्त्याचें म्हणणें समजलें. न बसला तर त्याचें असत्य उघडकीस आलें. दोन्ही ठिकाणीं ‘विरोधाभास’ म्हणून मोकळें होणारा ही तपासणीच टाळतो, आणि त्यामुळें खोल बोलणारा व खोटें बोलणारा एकाच पंक्तीस बसतात.