तेल, तालीम आणि न्हाणें

व्यायाम केला कीं घाम येतो, घाम आला कीं डोकें चिकट होतें आणि डोकें चिकट झालें कीं तें धुवावेंसें वाटतें. येथवर कोणाचाच मतभेद नाहीं. वाद सुरू होतो तो दुसऱ्या दिवशीं. पोहून, धांवून किंवा सूर्यनमस्कार घालून आलेली मुलगी लागोपाठ तिसऱ्या सकाळीं न्हाणीघराकडे वळली, म्हणजे घरांतील वडील मंडळी तिला हटकतात, "अग, रोज रोज डोक्यावरून पाणी घेऊं नकोस, केस जातील!" मग तिच्यापुढें दोनच वाटा उरतात. घामट केसांनीं दिवस काढावयाचा, नाहीं तर व्यायामालाच रजा द्यावयाची. पुष्कळजणी दुसरी वाट धरतात. केस राखण्यासाठीं शरीराची हेळसांड होते, म्हणून हा प्रश्न केवळ नटण्यामुरडण्याचा राहत नाहीं.

वडिलधाऱ्यांचा हा सल्ला अगदींच निराधार नव्हे. एके काळीं तो खरा होता. तो कोणत्या परिस्थितींत खरा ठरला, हें पाहावयाचें तर केस धुण्याचा इतिहासच चाळला पाहिजे. आणि तत्पूर्वीं केस ही वस्तु काय आहे तेंही ध्यानांत घेतलें पाहिजे.

केस त्वचेच्या वर आला कीं तो निर्जीव असतो. जिवंत असतें तें त्याचें मूळ. महिन्याकांठीं तो सुमारें १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत रुळणाऱ्या वेणीचें टोक पांच-सहा वर्षांचें जुनें असतें, आणि त्याला पोंचलेली इजा नखाच्या चिरेप्रमाणेंच आंतून भरून येत नाहीं. केसाच्या बाहेरच्या अंगावर, छपरावरील मंगलोरी कौलांप्रमाणें एकावर एक चढलेल्या, सूक्ष्म खवल्यांचें आवरण असतें. हीं कौलें नीट बसलेलीं असलीं तर केस चमकतो. तीं उचकटलीं तर एक केस दुसऱ्यांत अडकतो आणि तुटतो. पाण्यानें केस फुगतो, आणि ओला केस कोरड्यापेक्षां अधिक ताणला जातो. शिवाय निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस आपोआप गळत असतात. चार दिवस न धुतलेलें डोकें धुतलें कीं हे सुटलेले केस एकदम हातीं येतात, आणि पाण्यानेंच ते गेले असा ग्रह होतो.

आपल्याकडील जुन्या वैद्यांनीं या बाबतींत काय सांगितलें होतें? सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या वाग्भटानें 'अष्टांगहृदय' या ग्रंथाच्या दिनचर्येवरील अध्यायांत एक क्रम घालून दिला आहे. आधीं अभ्यंग, मग व्यायाम, मग उटणें आणि शेवटीं स्नान. अभ्यंगाचें तेल मस्तक, कान आणि पाय यांना विशेषेंकरून लावावें असें तो सांगतो. स्नानाविषयीं त्याची सूचना तर फारच मार्मिक आहे. ऊन पाण्यानें मानेखालील शरीरास बळ येतें, पण तेंच पाणी डोक्यावर घेतल्यास केसांचें आणि डोळ्यांचें बळ जातें. रोज स्नान करूं नये असें तो म्हणत नाहीं. कशानें करावें आणि त्यापूर्वीं काय करावें, इकडे त्याचें लक्ष आहे. डोक्यास नित्य तेल लावणारास टक्कल पडत नाहीं व केस अकालीं पिकत नाहींत, असें चरकसंहितेंत म्हटलें आहे. आजच्या प्रयोगशास्त्रानें तें सिद्ध केलेलें नाहीं. परंतु तेल, श्रम आणि पाणी यांची सांगड घालण्याची कल्पना मात्र विचारपूर्वक केलेली होती, हें पुढें दिसून येईल.

महाराष्ट्रांतील तालमींनीं हा प्रश्न निराळ्या तऱ्हेनें सोडविला. हौद्यांतील लाल माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून मुरविलेली. ती अंगाखांद्यावर आणि डोक्यावरही उडावयाची. पण पैलवानाचें डोकें बहुधा बारीक कापलेलें किंवा तुळतुळीत असे. जोर-बैठका आणि लढती झाल्यावर घाम जिरूं द्यावा, मग चार तांबे पाणी घ्यावें, कीं झालें. केसच नाहींत, तर त्यांची चिंता कसली!

घरांतील स्त्रियांची गोष्ट वेगळी. त्यांचे केस लांब, म्हणून त्यांचें न्हाणें हा एक सोहळाच असे. ठराविक वारीं केसांना तेल चोळावयाचें, शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा उकळून त्या पाण्यानें केस चोळावयाचे, आणि मग पाठीवर मोकळे सोडून वाळवावयाचे. शिकेकाईच्या शेंगेंत आणि रिठ्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांचा फेस तेल व मळ सोडवितो, पण साबणाइतका तिखट नसतो. शिकेकाईचें पाणी तर किंचित् आम्ल असतें, त्यामुळें केसांचीं कौलें उचकटत नाहींत. या पद्धतींत उणीव होती ती एवढीच, कीं तिला अर्धा दिवस लागे. आठवड्यांतून एकदां तें जमे; रोज जमणें शक्यच नव्हतें. 'आठवड्यांतून एकदां' हा नियम अशा रीतीनें केसांच्या प्रकृतीवरून नव्हे, तर घरकामाच्या सवडीवरून पडला.

हिंदुस्थानांतील या तेल-मालिशीची कीर्ति युरोपांत नेली ती पाटण्याच्या एका गृहस्थानें. साके दीन महंमद याचा जन्म १७५९ सालचा. कंपनीच्या लष्करांत नोकरी करून तो पुढें आयर्लंडास गेला, १७९४ सालीं त्यानें इंग्रजींत आपला प्रवासग्रंथ छापला, १८१० सालीं लंडनमध्यें हिंदुस्थानी पद्धतीचें उपाहारगृह काढलें, आणि तें बुडाल्यावर १८१४ च्या सुमारास समुद्रकिनाऱ्यावरील ब्रायटन गांवीं स्नानगृह उघडलें. वाफेनें घाम काढावयाचा आणि मग अंग रगडावयाचें, या उपचारास त्यानें 'शॅम्पूइंग' हें नांव दिलें. हा शब्द 'चांपणें' या अर्थाच्या हिंदी क्रियापदावरून आलेला. आपल्या चंपीचा तो सख्खा भाऊ. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनीं त्याला आपला 'शॅम्पूइंग सर्जन' नेमलें. १८५१ सालीं तो वारला. पुढें दहा-वीस वर्षांतच इंग्रजींत त्या शब्दाचा अर्थ पालटला. रगडणें मागें पडलें आणि फेसानें डोकें धुणें एवढाच अर्थ उरला. शब्दांतून तेल निथळून गेलें आणि साबण आंत शिरला!

केसांच्या खऱ्या हालअपेष्टा येथूनच सुरू झाल्या. साबण हा अल्कधर्मी पदार्थ आहे. त्यानें केस फुगतो व कौलें उचकटतात. त्यांतून पाणी जड असलें, म्हणजे त्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असले, तर साबणाशीं त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका बनतो आणि केसांवर बसतो. ज्या विहिरीच्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं आणि साबणाला फेस येत नाहीं, त्याच पाण्यानें केसही राठ होतात, हा अनुभव गांवोगांवच्या गृहिणींना आहे. लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ सालीं कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. १९१८ नंतर मुंबईच्या गोदरेज कारखान्यानें चरबीऐवजीं वनस्पतींच्या तेलापासून साबण काढला, तेव्हां सोवळ्या घरांतही साबणाला वाट मिळाली. देव्हाऱ्याची हरकत दूर झाली. पण अल्काची हरकत तशीच राहिली.

असा अनुभव सर्वत्र आला. १९०८ सालीं अमेरिकेंतील 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्रानें केस धुण्यावर एक लेख छापला. तज्ज्ञ पंधरा दिवसांतून एकदां केस धुण्यास हरकत घेत नाहींत, पण केस बरे असल्यास महिना ते दीड महिन्याचें अंतर अधिक चांगलें, असा त्यांत सल्ला होता. आज तो वाचून हसूं येतें; परंतु साबण हेंच साधन हातीं असतां तो शहाणपणाचाच होता. "रोज धुतल्यानें केस जातात" हें वाक्य त्या साबणाच्या काळाची साक्ष आहे.

नेमका याच काळांत स्त्रियांचा व्यायाम सुरू व्हावा, हा योगायोग मोठा चमत्कारिक म्हटला पाहिजे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आणि त्यांत मुलींना वगळलें नाहीं. शहरांतील मुली शाळेच्या मैदानावर आल्या, पुढें पोहूं लागल्या. त्यांच्या आजीला आठवड्यांतून एकदां न्हाणें पुरत असे, कारण तिच्या दिनक्रमांत रोजचें मैदान नव्हतें. नातीला घाम रोजचा झाला. पण तिला मिळालेला नियम मात्र आजीचा होता आणि हातांतली वडी साबणाची होती.

या कोंडींतून वाट काढली रसायनशास्त्रानें. बर्लिनच्या हान्स श्वार्त्सकॉफ यानें १९०३ सालीं केस धुण्याची पूड विकण्यास काढली, आणि १९३३ सालीं त्याच्या कारखान्यानें अल्करहित शॅम्पू बाजारांत आणला. १९३४ सालीं अमेरिकेंत 'ड्रीन' हा साबण नसलेला शॅम्पू निघाला. हीं कृत्रिम प्रक्षालकें जड पाण्यांतही साका धरीत नाहींत. आरंभींचीं प्रक्षालकें इतकीं कडक होतीं कीं केसांचा स्निग्धपणाही तीं धुऊन नेत. पुढें सौम्य द्रव्यें आलीं, आणि धुतल्यानंतर कौलें बसविणारे कंडिशनरही आले. गमतीची गोष्ट अशी, कीं या प्रक्षालकांतील एक प्रमुख द्रव्य खोबरेल तेलांतील लॉरिक आम्लापासून करतां येतें. मळ काढणाराही नारळ आणि केस राखणाराही नारळच!

केस राखणारा म्हणण्यास आधार आहे. २००३ सालीं रेळे आणि मोहिले या मुंबईच्या संशोधकांनीं खनिज तेल, सूर्यफुलाचें तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वीं किंवा नंतर लावलें असतां केसांतील प्रथिनाचा नाश कमी करण्याचा गुण तिघांपैकीं एकट्या खोबरेलांत आढळला; त्याचे रेणु लहान व सरळ असल्यामुळें ते केसाच्या आंत शिरतात. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनींत काम करीत होते, हेंही वाचकांनीं जमेस धरावें. २०२१ सालीं आशियाई लोकांवरील एक पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यांतून पांच-सहा वेळां केस धुणारांची टाळू व केस उत्तम राहिले आणि जास्त धुण्यानें अपाय दिसला नाहीं, असा तिचा निष्कर्ष होता. तीही शॅम्पूवाल्या कंपनीच्याच संशोधकांची. तथापि दोहोंचें तात्पर्य वाग्भटाच्या क्रमाशीं जुळतें, हें विसरतां येत नाहीं. आधीं तेल, मग श्रम, मग पाणी.

मात्र एकच नियम सर्वांना लागू पडत नाहीं. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय स्त्रियांचे केस घट्ट कुरळे असतात. टाळूवरचा स्निग्ध द्रव वळणावळणांतून टोंकापर्यंत पोंचत नाहीं, म्हणून रोजच्या धुण्यानें ते फार कोरडे पडतात. आणि सरळ करून बसविलेले केस घामानें क्षणांत पुन्हां वळतात. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अशा १०३ स्त्रियांना विचारलें असतां, केसांच्या काळजीनें आपण व्यायाम टाळतों असें जवळजवळ ४० टक्के स्त्रियांनीं सांगितलें. हें इतकें गंभीर होतें कीं त्या देशाच्या सर्जन जनरल डॉ. रेजिना बेंजामिन यांनीं २०११ सालींच केशभूषाकारांच्या मेळाव्यांत जाऊन, व्यायामांत टिकेल अशी केशरचना स्त्रियांना सुचवा, असें आवाहन केलें होतें. मुंबई-पुण्याच्या न्हाणीघराच्या दारांत उभ्या असलेल्या मुलीची अडचण सातासमुद्रांपलीकडेही तीच आहे.

इतिहासावरून निघणारा बोध थोडक्यांत असा. घाम आला म्हणजे टाळू धुवावी. घाम व तेलकटपणा सांचूं दिल्यानें कोंड्यास कारण होणाऱ्या सूक्ष्म बुरशीलाच खाद्य मिळतें. कोंडा असेल तर तेल टाळूवर थापूं नये. तें केसांच्या लांबीला आणि टोंकांना धुण्यापूर्वीं लावावें. पाणी कोमट असावें, कढत नसावें. साबणाची वडी अंगासाठीं ठेवावी; डोक्यास सौम्य शॅम्पू, आणि सवड असेल त्या दिवशीं शिकेकाई. फेस टाळूवर चोळावा, लांब केसांवरून तो नुसता वाहूं द्यावा. ओले केस पंचानें खसखसूं नयेत, टिपावे. सरळ केस थोडे वाळल्यावर, आणि कुरळे केस ओलसर असतांनाच, रुंद दातांच्या फणीनें विंचरावे. तलावांत उतरण्यापूर्वीं केस साध्या पाण्यानें भिजवून घ्यावे, म्हणजे क्लोरीनचें पाणी ते कमी पितात. व्यायाम करतांना वेणी सैल घालावी. ओढून बांधलेल्या केसांचीं मुळें दुखावतात. कुरळे व फार कोरडे केस असणारांनीं रोज धुण्याऐवजीं मधल्या दिवसांत टाळू नुसत्या पाण्यानें निवळावी.

आजीनें सांगितलेलें जपावयाचें असेल तर तिच्या न्हाण्याचा वार नव्हे, तिचा हात जपावा. न्हाण्यापूर्वीं ती तेल लावी, केस हळूं सोडवी आणि वाळण्यास पुरता वेळ देई. हें तिचें शहाणपण पदरीं ठेवून नातीनें रोज मैदानावर जावें आणि रोज निःशंक न्हावें.