पायथ्याशी न पोहोचता सुळक्याची उंची कशी काढतात?

सपाट पठारावर एक सुळका उभा आहे. त्याची उंची मोजायची आहे. दहावीच्या पुस्तकातली सोपी पद्धत अशी: सुळक्यापासूनचं अंतर मोजा, टोकाकडे बघताना होणारा उन्नत कोन मोजा आणि अंतराला त्या कोनाच्या टॅनने गुणा. पुस्तकातल्या खांबासाठी हे ठीक आहे. सुळक्याच्या बाबतीत मात्र अडचण येते, कारण टोकाच्या बरोबर खालचा बिंदू खडकाच्या पोटात असतो. तिथपर्यंत टेप नेणार कसा?

यावरचा उपाय म्हणजे कोन दोनदा मोजायचा. समजा, पहिल्या जागेवरून उन्नत कोन ३०° आला. तिथून सुळक्याच्या दिशेने सरळ १०० मीटर चालत गेल्यावर तो ६०° झाला. दुसऱ्या जागेपासून टोकाच्या खालच्या बिंदूपर्यंतचं अंतर 'क्ष' धरू. टॅन ६०° म्हणजे १.७३२ आणि टॅन ३०° म्हणजे ०.५७७. उंची दोन्हीकडून एकच आहे, म्हणून

१.७३२ × क्ष = ०.५७७ × (क्ष + १००)

यातून क्ष सुमारे ५० मीटर आणि उंची सुमारे ८६.६ मीटर मिळते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे १०० मीटरलाच त्रिकोणाचा पाया समजणं. ते फक्त दोन जागांमधलं अंतर आहे; पहिल्या जागेपासूनचा पाया १५० मीटरचा आहे. शिवाय कोन डोळ्याच्या पातळीवरून मोजला असेल, तर जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची शेवटी मिळवावी लागते.

आता खरी गोम. १०० ऐवजी फक्त १० मीटर चाललं तर? दुसरा कोन साधारण पावणेबत्तीस अंश भरेल. कुणी तो ३२° असा वाचला, तर उंची थेट ७६ मीटरवर येते! पाव अंशाच्या चुकीने दहा मीटर गायब. १०० मीटर चालल्यावर ६०° च्या कोनात तेवढीच चूक झाली असती, तर फरक अर्ध्या मीटरच्या आत राहिला असता. म्हणजे गणित बरोबर असूनही उत्तर चुकू शकतं. दोन जागांमधलं अंतर भरपूर हवं आणि ते नीट मोजलेलं हवं.

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात म्हणूनच पायारेषेला इतका मान होता. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची रेषा साखळीने मोजून काढली. पुढे अशा मोजलेल्या रेषांवर त्रिकोणांचं जाळं उभं राहिलं. एक बाजू आणि कोन माहीत असले की उरलेल्या बाजू साइनच्या नियमाने काढता येतात. नेपाळमध्ये प्रवेश नसल्यामुळे एव्हरेस्टचे कोन दीडशे किलोमीटरहून लांब, मैदानी भागातून मोजले गेले. अंतर ठाऊक असलेल्या दोन ठाण्यांवरून आधी शिखर किती लांब आहे ते काढायचं, मग उन्नत कोनावरून उंची. इतक्या अंतरावर पृथ्वीची वक्रता आणि हवेत वाकणारा प्रकाशही हिशोबात धरावा लागतो. राधानाथ सिकदर यांचं नाव ज्या आकडेमोडीशी जोडलं जातं, ती हीच. १८५६ मध्ये २९,००२ फूट, म्हणजे सुमारे ८,८४० मीटर, ही उंची जाहीर झाली. नेपाळ आणि चीनने २०२० मध्ये जाहीर केलेला आकडा ८,८४८.८६ मीटर आहे.