मद्याची मोजदाद आणि माणसाची नोंद

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून निघणारे ओढे जेथे काळ्या जमिनीत शिरतात आणि पुढे तापीकडे वाट काढतात, त्या पट्ट्यातील रावेर आज केळीसाठी ओळखले जाते. परंतु केळीच्या या कीर्तीपूर्वी हे गाव जरीच्या तारेसाठी आणि चौकातून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तिमजली घरांसाठी पंचक्रोशीत नावाजलेले होते. १७६३ साली निजामाने ते पेशव्यांस दिले, पेशव्यांनी होळकरांच्या घराण्यास दिले, आणि १८१८ नंतर खानदेशावर इंग्रजी अंमल बसला. अंमल कोणाचाही असो, त्याची दप्तरे असतात; आणि राज्यकर्त्यांच्या लेखी रयतेच्या आयुष्यातील कोणत्या गोष्टी मोजण्याजोग्या होत्या, हे त्या दप्तरांच्या रकान्यांवरून जितके स्पष्ट कळते तितके त्यांच्या जाहीरनाम्यांवरून कळत नाही. खानदेशातील दारूचा आणि दारूने ग्रासलेल्या माणसाचा इतिहास या रकान्यांच्या आधाराने वाचला, तर दीडशे वर्षांत दारूची मोजदाद चोख झाली आणि पिणाऱ्या माणसाची नोंद मात्र फार उशिरा सुरू झाली, असे दिसून येते.

या प्रदेशातील मद्याचे मूळ अरण्यात आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या वेळी मोहाची फुले गळू लागतात, तेव्हा झाडाखालची जमीन आधीच झाडून स्वच्छ केलेली असते. टोपल्यांत वेचलेली फुले उन्हात वाळवून साठवायची, लागतील तशी मडक्यात भिजवून आंबवायची, मग मडके चुलीवर चढवून, त्यावर भांडे पालथे घालून, सांधे मातीने लिंपून, नळीतून निघणारी वाफ गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात थेंबाथेंबाने उतरवायची, ही कृती भिल्ल आणि पावरा घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पहिल्या धारेचे चार थेंब देवाला वाहिल्यावाचून ती ओठाला लावायची नाही, असा रिवाज होता. जन्म, सोयरीक, मृत्यू आणि भांडणाची तोड या प्रसंगी ती लागत असे, आणि दुष्काळात हीच फुले अन्न म्हणून पोटात जात. म्हणून अरण्यवासी समाजाच्या मद्यपानाकडे केवळ दुर्गुण म्हणून पाहणारा इतिहासकार त्या समाजाला न्याय देऊ शकणार नाही. कारण घरच्या मडक्यातले मद्य आणि दुकानातले मद्य यांत एक मोठा फरक होता. मडक्यातले साठवलेली फुले संपली की संपत असे. दुकानातले संपत नसे, आणि ते उधारीवर मिळत असे.

हे दुकान मक्त्याच्या पद्धतीने आले. सरकारने लिलाव पुकारायचा, मक्तेदाराने बोली जिंकून ठरलेली रक्कम खजिन्यात भरायची आणि मग आपल्या हद्दीतील कलालांकरवी, म्हणजे दारूविक्रेत्यांकरवी, ती वसूल करायची, अशी ही व्यवस्था होती. मक्त्याची रक्कम एकदा ठरली की जितकी दारू अधिक खपेल तितका मक्तेदाराचा नफा अधिक, असा हिशेब तिच्या पोटातच होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे, विकणे आणि बाळगणे यांवर परवान्याचा पक्का अंकुश बसवला, आणि ज्या फुलांवर अरण्यवासीयांचा पिढीजात हक्क होता त्या फुलांची घरची भट्टी गुन्हा ठरली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ च्या मोहवरा कायद्याने फुले बाळगण्यावरही बंधन आले. गुन्हा ठरला, पण पिणे थांबले नाही. पिणाऱ्याची पावले फक्त मडक्याकडून दुकानाकडे वळली. सरकारी हिशेबात गॅलन आणि रुपये यांचे रकाने भरत गेले, आणि कर्जापायी ज्याची जमीन सावकाराकडे गेली त्याच्यासाठी अबकारीच्या वहीत रकानाच नव्हता.

या व्यवस्थेला पहिले प्रभावी उत्तर सरकारकडून आले नाही, ते लोकांतून आले. रावेरपासून काही कोसांवर असलेल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. रावेर तालुक्यातील खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी त्यासाठी अहोरात्र राबले, साने गुरुजी त्या तयारीत गावोगाव फिरले, आणि नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांची नगरी उभारली. काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावातच मद्यबंदीचे वचन दिलेले होते. फैजपुरामुळे तो विचार खानदेशच्या शेतकऱ्याच्या अंगणात आला. त्यानंतर थोड्याच काळात, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील तळोदे तालुक्यात, मोरवडच्या गुलाम महाराजांनी जे घडवले ते मला याहूनही विलक्षण वाटते. ते आदिवासींना आरतीसाठी जमवीत, एकमेकांना ‘आप’ म्हणून अभिवादन करायला शिकवीत, स्नान करा, दारू सोडा असे सांगत. आणि १९३८ साली त्यांचे देहावसान झाल्यावरही त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे चालवले. ज्याला ‘अरे-तुरे’ वाचून दुसरी हाक ठाऊक नव्हती त्या माणसाला ‘आप’ म्हणवून घेण्याची प्रतिष्ठा आधी दिली आणि मग दारू सोडण्यास सांगितले, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. व्यसन सुटायचे तर माणसाला स्वतःविषयी काही किंमत वाटावी लागते, हे व्यसनोपचाराचे तत्त्व सातपुड्यात कोणत्याही ग्रंथाविना आचरले गेले होते.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती हृदयरोगाचे नामांकित वैद्य डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होती. एका वैद्याच्या हाती अबकारी खाते यावे, या योगायोगात भविष्याचे एक बीज होते. परंतु त्या काळी त्याला जो अंकुर फुटला तो बंदीचा होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी जाहीर झाली, स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून बंदी संपूर्ण राज्यभर लागू झाली. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने तिला नैतिक अधिष्ठान दिले. हेतू निर्मळ होता यात शंका नाही. परंतु दप्तराचे रकाने पाहा: गॅलन आणि रुपये यांच्या जागी आता छापे, पंचनामे, जप्तीचा मुद्देमाल आणि खटले आले. पिणारा माणूस प्रथमच वहीत शिरला, तो मात्र आरोपी म्हणून. आणि प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळवण्याची जी सोय कायद्यात होती, ती रावेरच्या शेतमजुराच्या आवाक्यातली नव्हती. सातपुड्याच्या कुशीत हातभट्ट्या धुमसत राहिल्या आणि कायद्याची बंधने पुढे एकेक करून सैल होत गेली.

आरोपीच्या घरी काय चालले आहे, हे वहीबाहेरचे सत्य बायकांना ठाऊक होते. १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन आणि मजुरी यांसाठी सुरू झालेल्या त्या लढ्यात उतरलेल्या भिल्ल स्त्रियांनी थोड्याच दिवसांत दारूच्या गुत्त्यांकडे मोर्चा वळवला, मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला गावासमोर उभे केले. पुढे महाराष्ट्रात मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याची जी तरतूद झाली, आणि जिला लोक ‘आडवी बाटली’ म्हणतात, तिच्यामागे अशाच स्त्रियांची पुण्याई आहे.

पिणाऱ्याला रुग्ण म्हणून पाहण्याचे काम मराठी मुलखात ज्या संस्थेमुळे घरोघरी पोहोचले ती म्हणजे मुक्तांगण. अनिल अवचट यांनी पुण्यातील ‘गर्द’ या अमली पदार्थाच्या व्यसनाविषयी लेखमाला लिहिली, ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साह्य देऊ केले, आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पस्तीस दिवसांचा निवास, समूहात आपली कथा सांगणे, घरच्यांशी बोलणे, आणि त्याहून मोलाचे म्हणजे घरी परतल्यावरचा ‘पाठपुरावा’. मुक्तांगणाने रूढ केलेल्या या शब्दात सगळे मर्म आहे. कारण दारू सोडणे पस्तीस दिवसांत साधते, न पिता राहणे मात्र पस्तीस वर्षे साधावे लागते. रावेरच्या माणसासाठी पुणे दूर आहे, आणि पस्तीस दिवसांची मजुरी बुडवणे त्याहून दूर आहे.

हे अंतर कसे तोडावे, या प्रश्नाला एका संशोधकाने आपली कारकीर्द वाहिली आहे. डॉ. अभिजित नाडकर्णी हे व्यसनांचे मनोविकारतज्ज्ञ. गोव्यातील ‘संगथ’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते, तिच्या व्यसनविषयक संशोधनाची धुरा त्यांनी वाहिली, आणि लंडनच्या आरोग्यविषयक विद्यापीठात ते प्राध्यापकही आहेत. प्रारंभी त्यांनी गोव्यातील पुरुषांचे मद्यपान वर्षानुवर्षे कसे बदलते हे अभ्यासले. मग प्रश्न आला उपचाराचा: मनोविकारतज्ज्ञ मूठभर असताना, गावच्या दवाखान्यात येणाऱ्या हजारोंना कोणी पाहावे? डॉ. विक्रम पटेल आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी जी पद्धत बांधली तिच्यात वैद्यकीची पदवी नसलेली, परंतु नीट शिकवून तयार केलेली स्थानिक माणसे समुपदेशक झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढून बसलेल्या पुरुषांना जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची प्रश्नावली विचारण्यात आली; किती वेळा पिता, एका बैठकीत किती पिता, पिण्यामुळे काम चुकले का, सकाळी उठल्यावर प्यावी लागते का, अशा साध्या प्रश्नांच्या उत्तरांना मिळून चाळीसपैकी गुण दिले जातात. बारा ते एकोणीस गुण पडलेल्यांना जास्तीत जास्त चार भेटींचे समुपदेशन देण्यात आले. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा ४२ जणांनी आधीच्या चौदा दिवसांत दारूला स्पर्श केला नव्हता. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात हे प्रमाण शेकडा १८ होते.

यापुढची पायरी मोबाइलची होती. जो माणूस व्यसनात पुरता बुडालेला नाही पण धोक्याच्या उंबरठ्यावर उभा आहे, तो समुपदेशकाकडे जात नाही, कारण आपण आजारी आहोत असे त्याला वाटतच नसते. त्याच्या खिशात मात्र फोन असतो. नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे संशोधन चाळले, तज्ज्ञांची मते घेतली, पिणाऱ्यांनाच विचारले, आणि फोनवरील छोट्या संदेशांतून देता येईल असा संक्षिप्त उपचार घडवला. वेळेवर आलेली आठवण, पिण्याची इच्छा उफाळली असता काय करावे याची सूचना, पुन्हा विचारपूस, हे सारे त्या संदेशांत येते. तंबाखूसाठी भारत सरकारनेही २०१६ मध्ये ‘एम-सेसेशन’ ही संदेशसेवा सुरू केली, तिला नाव नोंदवण्यास एक मिस्ड कॉल पुरतो. यंत्र नवे आहे, परंतु त्याचे काम जुनेच आहे: पाठपुरावा करणे, माणसाला एकटे न सोडणे.

आता रावेरकडे परत येऊ. भल्या पहाटे विजेरीच्या उजेडात बागेत शिरून घड कापणारा, खांद्यावर गादी टाकून तो ट्रकपर्यंत वाहणारा मजूर दुपारपर्यंत मोकळा होतो, हातात रोख पैसे असतात आणि अंग ठणकत असते. दारूच्या ओढीची वेळ नेमकी हीच. त्याच वेळी त्याचा फोन वाजून कोणी आपुलकीने विचारपूस केली, तर तो क्षण निभावून जाऊ शकेल. पण ती विचारपूस कोणत्या भाषेत व्हावी? येथे एका बाजारात लेवा गणबोली, अहिराणी, तडवी आणि पावरी ऐकू येतात. छापील मराठीतील सूचना ज्याला वाचता येत नाही त्याला आवाजातला निरोप हवा, आणि तो आवाज त्याच्या बोलीतला हवा. घरात फोन एकच असेल, तर नवऱ्याच्या व्यसनाचा संदेश मुलीच्या हाती पडेल, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. आणखी एक गोष्ट सर्वांत गंभीर आहे. या साधनांत साठणारी नोंद पुन्हा अबकारीच्या किंवा फौजदाराच्या वहीसारखी होऊ नये, ती उपचार करणाऱ्याखेरीज कोणाच्याही हाती जाऊ नये. कारण आपण काय पितो हे सांगितल्यावर दंड होतो, असा दीडशे वर्षांचा अनुभव या लोकांच्या हाडीमांसी खिळलेला आहे.

माझे मत असे आहे, की गुलाम महाराजांचे ‘आप’, शहाद्याच्या बायकांचा निर्धार, मुक्तांगणाचा पाठपुरावा आणि गोव्यातील संशोधकाचा संदेश ही एकाच कार्याची चार रूपे आहेत, आणि त्यांतील एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी अशी अपेक्षा करणे चूक ठरेल. यंत्र आठवण करून देईल. मान द्यायला माणूसच लागेल. तालुक्यातील महाविद्यालयांनी आणि आरोग्य केंद्रांनी आपल्या बोलींतील असे निरोप तयार करण्याचे काम हाती घ्यावे, शिकलेल्या तरुणांनी त्यांना आपला आवाज द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोवर, ज्याच्या घरी हे दुःख आहे त्या वाचकाने एवढे लक्षात ठेवावे: व्यसनमुक्तीसाठी देशभर चालणाऱ्या मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे, आणि तेथे फोन करणे हा गुन्हा नाही.