साथीच्या काळातील गुप्तरोगांचे दप्तर

गोदावरीच्या काठच्या नांदेड परिसरात आणि मांजरेच्या खोऱ्यातील लातूर, उदगीर, निलंगा या भागांत गरमी आणि परमा हे विकार पूर्वीच्या पिढ्यांना ठाऊक नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. गावच्या वैद्याकडे त्यांचे उपचार होते, हकिमाकडेही होते, आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशात फिरंग रोगाचे वर्णन व त्यावरील रसकर्पूर आणि चोपचिनी यांची योजना स्पष्ट शब्दांत केलेली आहे. परंतु या विकारांनी येथील किती माणसे ग्रासली, कोणत्या दशकात त्यांचा प्रादुर्भाव वाढला आणि कोणत्या दशकात ओसरला, हा प्रश्न इतिहासाला विचारू गेल्यास उत्तर मिळत नाही. शेजारच्या इंग्रजी मुलखात मृत्यूची वर्दी देण्यासाठी पटकी, देवी, ताप, हगवण आणि पुढे प्लेग असे मोजके रकाने ठरलेले होते; निजामी मुलखातही गावची बातमी पाटीलपटवाऱ्यांच्या हातूनच वर जात असे; आणि गुप्तरोगाने झिजून मेलेल्या माणसाला ‘ताप’ किंवा ‘इतर’ या सदराखेरीज कोठेही जागा नव्हती.

ज्यांची मोजदाद कसोशीने होत असे असा वर्ग एकच, तो म्हणजे फौजेचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत ज्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे गेला, तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे होत्या. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे अशा एकेका छावणीच्या शेजाराने होती. हिंदी शिपायांच्या या पलटणींपेक्षा गोऱ्या सोजिरांची चिंता सरकारला अधिक होती, म्हणून सिकंदराबादेस ‘लॉक हॉस्पिटल’ नावाचा बंदिस्त दवाखाना चालत असे. इंग्रजी अमलाखालील मुलखासाठी १८६८ साली सांसर्गिक रोगांचा जो कायदा झाला, त्याच्या आधारे वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नावे नोंदवून त्यांची सक्तीने तपासणी करावी आणि रोगी आढळल्यास त्यांना अशा दवाखान्यांत अडकवून ठेवावे असा शिरस्ता पडला. ज्या पुरुषांसाठी हा सारा खटाटोप चालला होता त्यांना मात्र असा बंदिवास नव्हता. ही अन्यायकारक पद्धत विलायतेतील व येथील चळवळीनंतर १८८८ साली रद्द झाली, हे योग्यच झाले. पुढे १८९५ साली हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत दर हजारी ५२२ वेळा शिपाई या रोगांसाठी इस्पितळात दाखल झाल्याची नोंद आहे. निम्म्या फौजेइतका हा आकडा फौजेपुरता खरा मानला, तरी ज्या बाजारांतून हा रोग फिरत होता तेथील स्त्रीपुरुषांविषयी तो एक अक्षरही बोलत नाही.

अशा अवस्थेत १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. या कायद्याच्या अंमलबजावणीची पुण्यातील कथा मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. परंतु तिच्या एका अंगाकडे आपल्या इतिहासलेखकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्लेगची गाठ बहुधा जांघेत किंवा काखेत येते. म्हणून रेल्वे स्थानकांवर आणि नाक्यांवर उतारूंच्या नाडीबरोबरच त्यांच्या जांघाही चाचपून पाहण्याचा प्रघात पडला. गुप्तरोगाने उठणारी बद हीसुद्धा जांघेतच उठते. एक गाठ चार दिवसांत प्राण घेणारी, दुसरी महिनोन्‌महिने सतावणारी. पण तपासनिसाच्या घाईत असलेल्या बोटांना दोहोंतील भेद नेहमीच कळेल असे नव्हते, आणि त्या काळच्या वैद्यकीय ग्रंथांनीही प्लेगच्या निदानात या भेदाविषयी सावध राहण्याचा इशारा दिलेला आहे. आता ज्याच्या जांघेत बद उठलेली आहे अशा एखाद्या गाडीवानाच्या किंवा हमालाच्या मनाची स्थिती काय झाली असेल याचा विचार करावा. सरकारी दवाखान्यात जावे तर प्लेगचा रोगी म्हणून छपरात रवानगी होण्याचे भय, घर रिकामे करून चुना मारला जाण्याचे भय, आणि बद प्लेगची नाही हे सिद्ध करू गेल्यास जे जन्मभर लपवावयाचे तेच चव्हाट्यावर मांडण्याची लाज. अशा माणसाने लेप लावून घरी पडून राहणे पत्करले असेल, तर त्याला दोष देण्यास माझी जीभ धजत नाही. साथ रोगाला कमी करीत नाही, रोग सांगावयास येणाऱ्या माणसाला कमी करते. आणि दप्तरात मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, हे या विषयाचे मर्म आहे.

१९०२ नंतर कंटिन्जंट हिंदी फौजेत विलीन होऊन हिंगोली व मोमिनाबाद येथील छावण्या मोडल्या, आणि या मुलखातील गुप्तरोगांची जी काय अर्धीमुर्धी गणती होत होती तीही फौजेच्या बिऱ्हाडाबरोबर उठून गेली. दप्तर लोकांसाठी ठेवलेलेच नव्हते. दरम्यान लोहमार्ग आले. विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेड मनमाड–हैदराबाद मार्गावर आले होते आणि १९११ साली बार्शी लाइटची चिमुकली गाडी लातूरच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचली. १९१८ च्या पावसाळ्याअखेरीस इन्फ्लुएन्झाचा तडाखा बसला, तेव्हा देशभर हा ताप रेल्वेच्या वाटांनीच पसरला होता. हैदराबाद राज्याची लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारीत १ कोटी ३३ लाख होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २४ लाखांवर आली. या साथीतील मृतांची संख्या सरकारने प्रथम ब्रिटिश मुलखापुरती ६० लाख धरली, आणि १९५१ साली किंग्जली डेव्हिस या लोकसंख्याशास्त्रज्ञाने ती देशभर १ कोटी ८५ लाखांपर्यंत नेली. म्हणजे मेलेली माणसे मोजण्यातही ही तफावत! गरमीचे निदान करणारी वासरमानची रक्तपरीक्षा १९०६ पासून आणि साल्व्हरसान हे औषध १९१० पासून जगाला उपलब्ध होते. पण त्या दिवसांत गरमीच्या रोग्याची विचारपूस करणारे कोण होते?

स्वतंत्र भारतात या कामाला निराळे वळण लागले. १९४६ मध्ये गुप्तरोग नियंत्रणाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता तो १९९२ नंतर एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात समाविष्ट झाला, आणि जिल्ह्याच्या व वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाची दालने उघडली. तेथे प्रयोगशाळेच्या अहवालासाठी खोळंबून न राहता लक्षणसमूहावरून उपचार करतात. स्रावाला करड्या पाकिटातील औषधे, व्रणाला पांढऱ्या, नागिणीच्या जातीच्या फोडांना लाल, आणि जांघेतील त्याच जुन्या बदेला काळ्या पाकिटातील. पाकिटावर रोगाचे नाव नसते, त्यामुळे ते हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाची अब्रू झाकलेली राहते. समुपदेशक त्याच्याशी एकांतात बोलतो, जोडीदारालाही उपचारासाठी आणण्याची विनंती करतो, आणि मगच वहीत एक ओळ चढते. ती ओळ चढण्यापूर्वी रोग्याला आपण होऊन घराबाहेर पडावे लागते, दालनाचा दरवाजा उघडा सापडावा लागतो, आतल्या माणसाला वेळ असावा लागतो, आणि रोग्याचा त्याच्यावर विश्वास बसावा लागतो.

२०२० साली यांतले काहीच धड राहिले नाही. १३ मार्च रोजी महाराष्ट्र शासनाने तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला, २५ मार्चपासून देश बंद झाला, रुग्णालये कोविडसाठी राखून ठेवली गेली. क्षयरोग आणि एचआयव्हीच्या कामातील यंत्रे, तंत्रज्ञ आणि समुपदेशक देशभर कोविडच्या कामी लागले. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानेही आपली प्रयोगशाळा कोविडच्या चाचण्यांसाठी दिली. हे सर्व आवश्यक होते, आणि त्या दिवसांत जिवावर उदार होऊन राबलेल्या माणसांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु त्याच वसंतात नांदेडने संसर्गाच्या मागोव्याचे जे रूप पाहिले, ते गुप्तरोगांच्या मागोव्याच्या अगदी विरुद्ध टोकाचे होते. हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले सुमारे ४ हजार शीख यात्रेकरू टाळेबंदीत अडकले, एप्रिलअखेरीस बसगाड्यांनी पंजाबात परतले, आणि त्यांच्यापैकी हजाराहून अधिक जण बाधित निघाले. प्रत्येकाचे नाव, गाव, गाडी आणि शेजारची बैठक यांचा शोध दीड हजार किलोमीटरांच्या अंतरावरूनही घेता आला. राज्यात गृहविलगीकरणातल्या माणसांच्या हातांवर शिक्के मारले गेले, घरांवर फलक लागले. ज्या तपासाची रीत हातावर शिक्का मारण्याची होती, त्याच तपासाच्या आवारात जाऊन आपल्या सर्वांत झाकल्या दुखण्याची कबुली कोण देणार होते? २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने रोग्याच्या गोपनीयतेला जे संरक्षण दिले आहे, ते कागदावर अबाधित होते. मनातली खात्री ढळली होती.

ऊसतोड कामगारांची कथा यात आणखी खोल जाते. मराठवाड्यातील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. २०२० मध्ये ती फडांवर आणि कारखान्यांच्या आवारात अडकली, आणि एप्रिलच्या मध्यात परवानगी मिळाल्यावर आली, तेव्हा कित्येक गावांनी त्यांना आधी शाळेत बसविले. अंगावरून पांढरे जाणाऱ्या बाईला फडावर पाणी नाही, आडोसा नाही, आणि एका दिवसाच्या खाड्यास दंड आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यापैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. संसर्गाची नोंद न होता तो थेट शस्त्रक्रियेच्या नोंदीत उमटावा, याहून दुःखद पुरावा मला ठाऊक नाही. हे साथ येण्यापूर्वीचे आहे; साथीत तपासणीचा उरलासुरला मार्गही बंद झाला.

आणखी एक गोष्ट या काळात घडली. ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन ही सुरक्षा क्लिनिकच्या पाकिटांतील औषधे कोविडच्या तापातही सर्रास दिली गेली आणि औषधांच्या दुकानांतून सहज विकत घेतली गेली. एखाद्याचा परमा त्याने अर्धवट दबला असेल, एखाद्याची लक्षणे लपली असतील, आणि जंतू मात्र औषधाला निर्ढावण्याची संधी साधून गेले असतील. अमेरिकेत नोंदीची यंत्रणा सधन व अविरत असल्यामुळे तिथला प्रवाह स्पष्ट दिसतो: २०२० च्या मार्च–एप्रिलमध्ये आकडे एकदम कोसळले, पण वर्षअखेर परम्याची नोंद आदल्या वर्षाहून १० टक्क्यांनी आणि गरमीच्या प्राथमिक व द्वितीय अवस्थांची ७ टक्क्यांनी वाढली, तर बहुधा निमूटपणे राहणाऱ्या आणि तपासणीवाचून न कळणाऱ्या क्लॅमिडियाची मात्र १३ टक्क्यांनी घटली. जो रोग दुखतो तो अखेर दवाखाना गाठतोच. जो दुखत नाही तो वहीबाहेर राहतो.

एक मार्ग मात्र साथीतही पूर्णपणे बंद झाला नाही. बाळंतपणे थांबत नाहीत, आणि गर्भवतीच्या रक्ताची गरमीसाठी तपासणी होते. म्हणून नांदेड–लातूरच्या २०२०–२१ च्या आकड्यांचा अर्थ लावताना सुरक्षा क्लिनिकच्या वहीपेक्षा प्रसूतिविभागाच्या वहीवर मी अधिक भिस्त ठेवीन. आणि क्लिनिकच्या वहीत त्या वर्षाच्या प्रत्येक महिन्यापुढे शेऱ्याच्या सदरात दालन किती दिवस उघडे होते, समुपदेशक किती दिवस कोविडच्या नेमणुकीवर होता आणि कोणती पाकिटे संपली होती, एवढे तरी आजही लिहून ठेवता येईल. ते काम करणारी माणसे अद्याप त्याच जिल्ह्यांत आहेत आणि त्यांना ते आठवते.